कोरा चौकोन

भोकरदन
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्पिता,

हे पत्र तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. हैदराबादच्या नव्या घराचा पत्ता तू मला दिलेला नाहीस. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि बोललेलं परत घेता येत नाही. कागदावर खोडता तरी येतं.

जालन्याच्या सभेची पत्रिका आमच्या कॉलेजात आली. पेशी ऊर्जा कशी साठवतात आणि कशी वापरतात, यावर दोन दिवस व्याख्यानं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना जायचं आहे, तसा प्राचार्यांचा आदेशच आहे. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाआधीच्या व्याख्यानापुढे तुझं नाव वाचलं. त्याखाली विषय वाचला, 'मराठवाड्यातील एका मेंढपाळ कुटुंबातील आनुवंशिक दृष्टिनाश'. पत्रिका मी पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या तासाला बारावीला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तू नाव घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण वक्त्याच्या जागी तुझं नाव आहे, अर्पिता. पिंपळगाव रेणुकाईच्या धुळाजींची धाकटी लेक हैदराबादला पेशींवर काम करते, हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक आहे आणि तिचा थोरला भाऊ आंधळा आहे, हे उरलेल्या अर्ध्याला. पडद्यावर तू तो तक्ता दाखवशील, बायांची वर्तुळं, पुरुषांचे चौकोन, मधला एक चौकोन काळा, आणि सभागृहातला कोणीही म्हणेल, हा भुजंग.

माझी विनंती एवढीच की तो तक्ता दाखवू नकोस. दुसरं काही सांग. तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

मी मायसाठी म्हणते आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरात तू भुजंगदादाच्या रक्ततपासणीचा निकाल सांगितलास, तेव्हा आपण तिघीच होतो. तू समजावून सांगत होतीस, हे मी आता मान्य करते. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका फक्त आईकडून येतात, त्यात बिघाड असला की डोळ्याची नस आधी दमते, हे मी स्वतः वर्गात सांगते त्याहून सोप्या शब्दांत तू सांगितलंस. पण मायला त्यातलं एकच ऐकू आलं. "म्हंजी म्याच माझ्या लेकराचे डोळे खाल्ले?" असं ती म्हणाली. आणि मी तुला म्हणाले, चालती हो.

त्या दिवसापासून ती कोणाच्याही आलाबला घेत नाही. नातवंडं पाया पडली की हात मागे घेते. आधी तिच्या बोटांचा कडकडाट ओसरीपर्यंत ऐकू यायचा, हे तुला आठवत असेल.

बाकी घरी सगळं ठीक. तुझे दाजी दुकानात असतात. माझा सोमेश्वर जालन्यालाच आहे, बियाण्याच्या कंपनीत. रविवारी येतो. त्याच्या शर्टाला हल्ली सिगारेटचा वास येतो. मी बोलले, तर हसतो.

तक्त्याचं कळव.

तुझी
आक्का

भोकरदन
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्पिता,

तुझं कार्ड मिळालं. एका कार्डावर तीनच वाक्यं. 'तक्ता काढते. आपल्या घरातलं काही बोलणार नाही. सोमेश्वरला सांगितलंस का?'

पहिल्या दोन वाक्यांबद्दल मी तुझी ऋणी आहे. तिसऱ्याचं उत्तर देणारच आहे. आधी दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुला सभेत कोणाकडून तरी कळेलच आणि ती माझ्याकडून कळलेली बरी.

दादाच्या प्रांजलीला मी मागणी घातली आहे, सोमेश्वरसाठी. १७ डिसेंबरला सुपारी फोडायची, पौष लागायच्या आत. लग्न चैत्रात.

भावाची मुलगी बहिणीच्या घरात देणं आपल्याकडे नवं नाही, त्यामुळे त्याचं कोणाला नवल नाही. लोकांना नवल वाटतं ते माझ्या हिमतीचं. प्रांजलीला गेल्या दीड-दोन वर्षांत आलेली स्थळं तुला माहीत नसतील. मुलगी आवडायची, चहापोहे व्हायचे, मग ओसरीवर भुजंगदादाला बघून पाहुण्यांची कुजबुज सुरू व्हायची. बदनापूरचे पाहुणे तर तोंडावर बोलले, "बाप आंधळा, मंग उद्या नातू बी आंधळा निघाला तर?" सोनूवहिनी आत जाऊन रडली. प्रांजलीने कपबशा उचलल्या आणि धुवायला बसली.

मी उन्हाळ्यात मागणी घातली, तेव्हा वहिनी माझ्या पाया पडायला लागली. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की रेणुका मॅडमनी समाजापुढे आदर्श ठेवला. त्याखाली हात जोडलेले, फुलं. मी कोणालाही उत्तर दिलं नाही. नम्रपणा समजले असतील.

वहिनीचा भाऊ सर्जेराव तुला आठवतो ना? तो आता घनसावंगीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. तोही सभेला येणार आहे. तुझं व्याख्यान आहे म्हणून मुद्दाम येणार, असा त्याचा निरोप आला. माझी भीती आता तुला नीट कळेल.

पत्र बंद करायच्या आधी पुन्हा वाचलं. 'मायसाठी' असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण तेच पहिलं कारण होतं, असं वाटू देणं खोटं होतं.

तुझी
आक्का

भोकरदन
७ डिसेंबर २०२५

अर्पिता,

तुझं काही आलं नाही. तू प्रश्न पुन्हा विचारणार नाहीस. लहानपणीही तू एकदाच विचारायचीस आणि मग बघत बसायचीस.

नाही. सोमेश्वरला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी दारातून निघताना तू म्हणालीस, "दादाला अन् सोम्याला मी सांगू का तू?" मी म्हणाले, मी सांगते. तू त्या शब्दावर वर्षभर गप्प राहिलीस. दादाने मला विचारलं, "तपासणीचं काय झालं?" मी म्हणाले, रिपोर्ट अजून यायचाय. पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. मग त्याने विचारणं सोडलं. रक्त त्याचं, डोळे त्याचे, आणि निकाल माझ्या पोटात.

मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे, मला तक्ता लागत नाही. मायकडून तो बिघाड आपल्या तिघांत आला. दादा पुरुष, म्हणून त्याचे डोळे गेले. आपल्यासारख्या बायांचे बहुधा जात नाहीत, पण आपण तो पुढे देतो. दादा कोणालाच देत नाही. म्हणजे प्रांजली पूर्ण स्वच्छ. बदनापूरच्या पाहुण्यांना जे भय वाटलं, ते तिच्या बाबतीत कधी नव्हतंच. ते भय माझ्या घरात आहे, बावीस वर्षांचं, आणि सिगारेट ओढतं.

सगळ्याच पुरुषांचे डोळे जात नाहीत, हे तूच सांगितलंस. जाणाऱ्यांचे बहुतेक ऐन विशी-तिशीत जातात. तंबाखू, दारूने धोका वाढतो, हेही. म्हणून मी त्याला सांगते, ओढू नकोस. "कशामुळं?" असं तो विचारतो. मी म्हणते, छातीसाठी. "आई, छाती बघ माझी," असं म्हणून तो शर्ट फुगवतो.

दादाचं कसं झालं ते तुला आठवत नसेल, तू वसतिगृहात होतीस. पावसाळा संपत आला होता, मेंढरं तळ्याकडून घरी येत होती. आबांनी सांगितलं, मोज. दादा मोजायला उभा राहिला आणि मध्येच थांबला. "मधली मेंढरं दिसत न्हाईत आबा. कडंची दिसत्यात." आबांना वाटलं, थट्टा करतो आहे. मग वाटलं, पिऊन आला आहे. मग करणी, मग देवीचा कोप, मग डॉक्टर, आणि तोवर दुसराही डोळा गेला. प्रांजली पाळण्यात होती.

मी सोमेश्वरला सांगितलं, तर त्याचं आयुष्य त्या क्षणापासून वाट बघण्यात जाईल. रोज सकाळी डोळे उघडताना तो घाबरेल. आणि कदाचित काही होणारच नाही. मग मी विनाकारण त्याची वर्षं नासवली, असं नाही का होणार? हा प्रश्न मी रोजनिशीत इतक्यांदा लिहिला आहे की आता त्याचं उत्तर शोधते आहे की त्याच्या आड लपते आहे, ते मलाच कळत नाही.

शुक्रवारी सभेत दिसशील. मी मागच्या रांगेत बसेन.

आक्का

भोकरदन
१३ डिसेंबर २०२५

अर्पिता,

आताच जालन्याहून आले. तू अजून तिथे विश्रामगृहात असशील. हाकेच्या अंतरावर होतीस, तेव्हा बोलले नाही आणि आता लिहिते आहे.

कालचा पूर्ण दिवस मी नीट ऐकला, तुला खोटं वाटेल. परभणीच्या त्या बाईंनी दुष्काळात मेंढी अंगातली चरबी कशी पुरवून पुरवून वापरते ते सांगितलं, तेव्हा मला आबा आठवले. कुठल्या मेंढीचा उन्हाळा निघेल, ते आबा पाठीवर हात दाबून सांगायचे. दुसरे एक गृहस्थ यकृतात साखर कशी साठते यावर बोलले, आणि जेवताना पुरणपोळीवर तुपाची धार धरून बसले. आमच्या टेबलावर सगळे हसले. मी पण हसले. मग उद्या तुझं व्याख्यान आहे, हे आठवलं.

आज सर्जेराव माझ्या शेजारीच येऊन बसला. "मॅडम, आपल्या घरचं माणूस व्यासपीठावर. पुढं बसाया पायजे." मी म्हणाले, इथे पंखा आहे. डिसेंबरात.

तू उभी राहिलीस. केस पिकलेत तुझे. आणि तू शब्द पाळलास. कुटुंब नाही, मेंढपाळ नाहीत, तक्ता नाही. विषय बदलल्याबद्दल क्षमा मागून तू फक्त नसेच्या पेशीबद्दल बोललीस, तिला किती ऊर्जा लागते, ती पुरली नाही तर आधी काय बंद पडतं. पडद्यावर प्रत्येक नवं चित्र आलं की माझी बोटं पदरात आवळत होती. शेवटचं चित्र गेलं, दिवे लागले आणि मला वाटलं, सुटले.

मग सर्जेरावचा हात वर गेला.

"बाई, एखाद्या पुरुषाला हा आजार हाय. त्याच्या मुलीला धोका किती?"

तू क्षणभर त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मागच्या रांगेतही तू मला शोधलंस.

"अजिबात नाही," तू म्हणालीस. "बापाकडून हा आजार जात नाही. मुलीला नाही, तिच्या मुलांनाही नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

तो खाली बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. बाहेर चहाला त्याने माझा कप आणून दिला. "ऐकलं ना मॅडम? भुजंगदाजींचं बी असंच हाय की, मधलं दिसत न्हाई, कडंचं दिसतं. म्हंजी आमची प्रांजली चोख निघाली. लोकांनी उगंच पोरीला नासकं ठरवलं. अन् तुम्ही तर काही म्हाईत नसताना तिला पदरात घेतलं. तुमच्यासारखं माणूस न्हाई बघा." मग म्हणाला, "आज ताईकडं जातो. पेढे घेऊनच जातो."

तो अर्धी वाट चालला आहे, अर्पिता. बापाकडून नाही, इथवर. मग कोणाकडून, हा प्रश्न आनंदात त्याच्या डोक्यातच आला नाही. उद्या येईल. किंवा कधीच येणार नाही. आणि मी तिथे कप धरून उभी राहिले आणि म्हणाले, "फार छान झालं."

तेवढ्यात तू आलीस. गळ्यात ते नावाचं ओळखपत्र. सर्जेराव नमस्कार करून बाजूला झाला.

"माय जेवती का?" तू विचारलंस.

"जेवती."

"बराबर जेवती?"

मी कप खाली ठेवला. तू म्हणालीस, "तू मागितलं ते मी दिलं, आक्का." आणि गेलीस.

खरंच दिलंस. आता मला कोणाची भीती नाही. तक्ता नाही, साक्षीदार नाही, सर्जेराव पेढे वाटतो आहे, आणि बुधवारी सुपारी आहे. मी काही न करता सगळं माझ्या मनासारखं होईल. बसमध्ये हेच मनात होतं, आणि सिल्लोडकडे जाणाऱ्या गाडीत चुकून बसलेल्या माणसासारखं मला वाटत होतं. गाडी चांगली, जागा खिडकीजवळची, आणि गाव भलतंच.

आता जे लिहिते ते रोजनिशीतही लिहिलेलं नाही.

मी प्रांजलीला का निवडलं? ती मुळात निर्दोष आहे, हे मला माहीत होतं, म्हणजे मी कुठलाच धोका पत्करला नाही. नातवंडं तर सोमेश्वरकडून कोणत्याही मुलीला झाली तरी निरोगीच होतील. मग तीच का? मी स्वतःला सांगत आले की तिच्यावर अन्याय होतो आहे, म्हणून. पण उन्हाळ्यात एक दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. प्रांजली दादाला ताट वाढत होती. भाकरी डावीकडे, भाजी वर, पाण्याचा तांब्या उजव्या हाताच्या बेतात. काही न बोलता. मग तिने त्याचं बोट ताटाच्या काठाला लावून दिलं आणि आपल्या कामाला लागली. ते बघून मी घरी आले आणि तुझ्या दाजींना म्हणाले, सोम्यासाठी प्रांजलीच बघू.

आंधळ्या माणसाचं कसं करायचं, ते तिला येतं. म्हणून मी तिला निवडलं.

रेणुका

भोकरदन
१६ डिसेंबर २०२५

अर्पिता,

काल पिंपळगावला गेले होते.

घर पेढ्यांच्या वासाने भरलं होतं. सर्जेराव येऊन गेला होता. सोनूवहिनीने मला दारातच मिठी मारली. "वन्सं, आता बदनापूरवाल्यांना दावते मी! माझ्या लेकीत खोट न्हाई!" दादा बाजेवर बसला होता, त्याला बघितलं की तुला ठाऊक आहे, तो तोंड दुसरीकडे करतो, म्हणजे डोळ्याच्या कडेने आपण त्याला दिसतो. "ये रेणू," तो म्हणाला. "पेढा खा." माय चुलीपाशी होती.

मी म्हणाले, मला बोलायचं आहे, सगळ्यांनी बसा.

मी वर्गात शिकवते तसं सांगायला सुरुवात केली. तंतुकणिका, आईकडून वारसा. दोन वाक्यांनंतर थांबले. मग सरळ सांगितलं. हे मायकडून आम्हा तिघा भावंडांत आलं. दादाकडून पुढे जात नाही. माझ्याकडून गेलं आहे. सोमेश्वरला आहे. त्याचे डोळे जातील की नाही, ते सांगता येत नाही.

वहिनी हळूच म्हणाली, "तुमाला कवा कळलं?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीला."

मग प्रांजली बोलली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, हातातला पेढा परातीत परत ठेवला.

"बदनापूरचे पाव्हणे आल्ते तवा तुम्ही हितंच बसल्त्या, आत्या. त्या खांबाला टेकून."

"हो."

"ते म्हन्ले, नातू आंधळा निघंल. तुमाला म्हाईत होतं, न्हाई निघणार म्हणून."

"हो."

"एक शब्द बोलल्या असत्या."

मी म्हणाले, बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग कोणाकडून. ती मान हलवत राहिली, गणित सुटल्यावर मुलं हलवतात तशी. मग तिने विचारलं, "मला सून म्हणून नेत होत्या, का काठी म्हणून?"

मी तुला जे लिहिलं होतं ते तिने न वाचता वाचलं. माझी नजर दादाकडे गेली. तिला ते पुरलं.

वहिनी उठली. परात उचलली आणि आत नेली. आतून म्हणाली, "परवाची सुपारी न्हाई." मग पुन्हा बाहेर येऊन, "दीड वर्स माझी लेक मान खाली घालून हिंडली. तुमी मास्तरीण ना? लोकांच्या लेकरांना शिकवता ना?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मायने तोंडावर पदर घेतला होता. "सारं माझ्यामुळंच," असं काहीतरी ती पुटपुटली. तेव्हा दादाने तिच्या आवाजाकडून तोंड वळवलं, तिला बघायला.

"काय माझ्यामुळं माय? डोळे बी तूच दिल्ते. ते घेताना म्या काही म्हन्लो का?"

ती रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने, आणि प्रांजली जाऊन तिच्याजवळ बसली.

मग दादाने मला विचारलं, "सोम्याला सांगितलं का?"

तुझाच प्रश्न. तुम्ही दोघं कधी एकमेकांशी बोललात का याबद्दल? मला नाही वाटत.

"नाही," मी म्हणाले.

"मंग हितं काय करून राह्यलीस? आम्हाला सांगून काय होतं? माझं जायचं ते गेलं. जा आधी."

"घाबरेल तो, दादा."

"म्या नव्हतो घाबरलो? आबा म्हन्ले पिऊन आला, लोक म्हन्ले करणी. मला कोणी सांगितलं असतं ना, का बाबा हे असं हाय, तुझ्या हाताचं न्हाई, तर म्या निम्मा घाबरलो असतो." मग म्हणाला, "अन् बिडी सोडली असती."

मी पिशवी उचलली. चप्पल घालताना प्रांजली दाराशी आली. मला वाटलं, काही बोलेल. तिने मायचा चष्मा माझ्या पिशवीतून काढून घेतला, मी चुकून उचलला होता, आणि आत गेली.

पौष चार-पाच दिवसांत लागतो. आज दुपारी मी जालन्याला निघते.

रेणुका

भोकरदन
४ जानेवारी २०२६

प्रिय अर्पिता,

सांगितलं. त्याच्या खोलीत, खालच्या चहावाल्याकडून त्याने मागवलेला चहा समोर असताना. त्याने कप बाजूला सरकवला. मग उठला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा.

"छातीसाठी, ना?" तो म्हणाला.

त्यानंतर दोन रविवार घरी आला नाही. फोन उचलायचा, हो-नाही म्हणायचा, ठेवायचा. तुझे दाजी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं, हे तुला लिहायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, टाळलं होतं.

काल दादाच्या शेजाऱ्याचा फोन आला, म्हणून कळलं. सोमेश्वर जालन्याहून थेट पिंपळगावला गेला होता. दादाला घेऊन तळ्यापर्यंत चालत गेला. काय बोलले, ते कोणाला माहीत नाही. परत आल्यावर त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट मायच्या चुलीत टाकलं. निघताना मायच्या पाया पडला. माय हात मागे घेईल, असं सगळ्यांना वाटलं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. शेजारी म्हणाला, आवाज रस्त्यापर्यंत आला.

प्रांजलीने नाही म्हटलं आहे. सोमेश्वरला तिने स्वतः सांगितलं. "तुझ्यात खोट हाय म्हणून न्हाई. मला इचारलं न्हाई म्हणून." त्याने तिला हेही सांगितलं, की त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. वहिनी माझ्याशी बोलत नाही. बदनापूरच्या पाहुण्यांना सर्जेरावने जाऊन सगळं समजावलं, ते पुन्हा यायला तयार होते. प्रांजली म्हणाली, त्यांना चहा मी करणार न्हाई.

आज रविवार. सोमेश्वर आला आहे. अंगणात उभा राहून तो समोरच्या बसस्थानकाच्या पाट्या वाचतो आहे, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मी खिडकीतून बघते. तो एका पाटीशी थांबतो, तेव्हा मीही तीच पाटी वाचते. मग तो चप्पल झटकून आत येतो. म्हणाला, "सिल्लोड दिसतं." एवढंच.

तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि या वेळी ते उलटं आहे. आज चहाच्या वेळी मी सोमेश्वरला विचारलं, दादालाही फोनवर विचारलं, दोघंही हो म्हणाले. पुढच्या सभेत तो तक्ता दाखव. इतर कुठल्या तरी घरात कोणीतरी मेंढरं मोजताना मध्येच थांबलं असेल, आणि त्याचा बाप त्याला दारुडा म्हणत असेल.

माझ्यासाठी तू जे पुसलंस, ते परत काढ. मायच्या वर्तुळाखाली दादाचा काळा चौकोन. माझं वर्तुळ, त्यात वाहकाचा ठिपका दे. तुझं वर्तुळ, आणि त्याखाली तू काहीच येऊ दिलं नाहीस ते का, हे मी तुला कधी विचारलं नाही. घरी ये, मग विचारीन.

माझ्याखाली सोमेश्वरचा चौकोन काढ. तो अजून कोरा आहे. कोराच दाखव.

तुझी
आक्का